मुसळ थांबलं की गाणं झालं

संपादकसाहेबांनी कळवलं आहे की हिवाळ्यात लेखनाला स्फूर्ती कशी मिळते, यावर दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा. स्वराज्य आल्यानंतरची ही पहिली दिवाळी, त्यामुळे नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पण खरं सांगतो, स्फूर्ती या बाईशी माझी ओळख नाही. चौथीच्या पुस्तकात तिचं नाव वाचलं होतं. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि ती तिकडेच राहिली. मी दंडारीची गाणी बांधणारा माणूस. कोणी शेती करतं, कोणी गोंदियात दुकान टाकतं, तशी मी गाणी बांधली आणि त्यावर घर चालवलं. थोडी धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, होती, पण मी तिच्याकडे जेवढं लक्ष दिलं तेवढंच तिनेही माझ्याकडे दिलं.

आता गाणी हिवाळ्यातच का, हे विचारलंत तर त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आमच्या झाडीच्या मुलखात पावसाळाभर माणूस रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेला असतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचा, तेंदूची पानं तोडा, आणि उरलेला वेळ सावली शोधत फिरा. दिवाळीच्या सुमाराला धान कापला जातो, खळ्यावर पेंढ्यांचे पुंजणे लागतात, ताटात नवा भात येतो, पाठीवर कोवळं ऊन येतं. अशा वेळी ज्याला गाणं सुचत नाही त्याला कधीच सुचायचं नाही. शिवाय मंडई तोंडावर आलेली असते, आणि गाणं मागायला आलेले लोक ओसरीवर बसून तंबाखू मळत असतात. त्यांना उठवायचं तर गाणं देण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

मंडई म्हणजे भाजीची नव्हे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आज या गावाची, उद्या त्या गावाची. लाई, जिलेबी, बांगड्या, उकडलेले शिंगाडे विकायला येतात. गावाच्या लेकी, बहिणी, जावई सगळे त्या दिवशी गावात हजर असतात. सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मिटतात, कधी नवीन लागतात. आणि दुपारी, ऊन कलायच्या आधी, दंडार उभी राहते. तिला पडदा लागत नाही की मंडप लागत नाही. लोक गोल करून बसतात, मध्ये ढोलकी, टाळ आणि गाणारे. मिशा उतरवलेला एखादा गडी लुगडं नेसून बाई होतो. आधी गण, म्हणजे गणपतीचं गाणं, मग थट्टामस्करी, मग कथा. पुढचा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. प्रत्येक गावाची दंडार वेगळी आणि प्रत्येकाला दर वर्षी नवं गाणं हवं असतं. ते बांधून देणारे आम्ही.

यात एक कायदा होता. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळत. एकदा गावाला दिलेलं गाणं त्या गावाचं. मग मी ते दुसऱ्या गावाला द्यायचं नाही, स्वतःही दुसरीकडे म्हणायचं नाही. गावाने त्यात हवे ते फेरफार करावेत, मी तोंड उघडायचं नाही. हा कायदा पुढे मला चांगलाच समजला, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. कोहमाऱ्याकडच्या एका पाटलाचा बैल शंकरपटात पहिला आला होता. शंकरपट म्हणजे आमच्या बैलजोड्यांची शर्यत. पाटलाचं म्हणणं, गणात गणपतीच्या पाठोपाठ बैलाचं नाव आलं पाहिजे. मी म्हटलं, पाटील, देवाच्या गाण्यात बैल कसा घालू? तो म्हणाला, "गनपतीले उंदीर चालते, मंग माह्या बैलाले काऊन नाई?" शेवटी बैल गणात गेला, शंकराच्या दाराशी नंदी म्हणून बसला, आणि पाटील दर वर्षी मला तांदूळ पाठवत राहिला.

दुसऱ्या एका गावच्या मुख्य गाणाऱ्याचे पुढचे दात पडले होते. आवाज असा की तळ्यापलीकडे जाईल, पण 'स' म्हटला की नुसती हवा निघायची. आणि त्या वर्षी त्यांना कथा हवी होती सीतेची. मी अख्खी कथा 'स' न वापरता बांधली. सीतेला कुठे जानकी केलं, कुठे जनकाची लेक. सासू म्हणायची वेळ आली तिथे रामाची माय म्हटलं. ऐकणाऱ्यांच्या काही लक्षात आलं नाही. गाणाऱ्याच्या मात्र आलं असावं, कारण दंडार झाल्यावर त्याने माझ्या पायांना हात लावला. ज्याच्या तोंडात गाणं जायचं त्याचं तोंड पाहून ते बांधावं लागतं. आमच्या धंद्यातली विद्या म्हणाल तर एवढीच.

पण ओळ चांगली झाली की वाईट, हे मला कधी स्वतःहून कळलं नाही. ते सगुणाला कळायचं. सगुणा माझी बायको.

हिवाळ्याच्या सकाळी ती अंगणात उखळाशी उभी राहायची. नवा धान कांडायची. मी भिंतीला पाठ लावून तणसावर, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्यावर, बसायचो आणि तोंडातल्या तोंडात ओळ घोळवायचो. कांडणाच्या ठेक्यावरच माझी चाल बसायची. मुसळ पडेल तिथे ताल, मुसळ उचलेल तिथे श्वास. ओळ तयार झाली की जरा मोठ्याने म्हणायचो. ओळ साधारण असली तर मुसळ आपलं चालूच. ओळ खरी असली तर मुसळ वरच्या वर थांबायचं. क्षणभरच. मग पुन्हा खाली यायचं. ती माझ्याकडे बघायची नाही, वाहवा करायची नाही. मी एकदा विचारलंही, थांबलीस का? तर म्हणे, "हात दुखला." तो हात बरोबर चांगल्या ओळीलाच दुखायचा. माझ्या नावाने जी गाणी या भागात गाजली, त्यातलं एकही मुसळ थांबल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नाही.

सगुणाचं माहेर दवनीवाड्याच्या अलीकडे, पिंपळटोलीला. आम्ही फुलचूरच्या पलीकडचे. म्हणजे बैलगाडीने सकाळी निघालं तर जेवायला पोचावं, एवढंच अंतर. पण ते अंतर किती होऊ शकतं, हे मी पाहिलं आहे.

लग्न झालं तेव्हा मी गाणी बांधत नव्हतो, दंडारीत बाई व्हायचो. अंगाने सडपातळ होतो, गळा बरा होता. सासरे रसिक माणूस, त्यांना जावयाचं कौतुकच होतं. ते गेले आणि घर सगुणाच्या मोठ्या भावाच्या, भिवाजीच्या, हातात आलं. भिवाजी गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, दिवाणजी लागला होता. कोट घालायचा. त्याच वर्षी पिंपळटोलीच्या मंडईत त्यांच्या दंडारीचा बाई होणारा गडी आजारी पडला, आणि लोकांनी जावई म्हणून आलेल्या मला धरून लुगडं नेसवलं. मी नाचलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. मालगुजार खाटेवर बसला होता, शेजारी भिवाजी उभा होता. मालगुजार हसून म्हणाला, "दिवानजी, आप की बहन से तो आप का बहनोई अच्छा दिखता है." सगळे हसले. भिवाजी हसला नाही. तो तिथून निघून गेला, आणि त्यानंतरच्या मंडईला सगुणाला न्यायला गाडी आली नाही.

गाडी आली नाही याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळणार नाही. मंडईला बहिणीला बोलवायला भावाने स्वतः यावं लागतं. निरोप चालत नाही, चिठ्ठी चालत नाही. गाडीत तणस अंथरून, बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधून, भाऊ दाराशी येतो आणि म्हणतो, चाल. ज्या बाईला असा भाऊ येत नाही ती स्वतःहून माहेरी जात नाही. गेली तर तिला कोणी बाहेर काढणार नाही, पण ती जातच नाही. मी एकदा म्हटलं, मी नेतो तुला. ती म्हणाली, "तुमी नेल्यानं ते माहेर होईन का जी?"

दर वर्षी दिवाळी झाली की ती अंगण सारवायची. रोजच्यासारखं नाही, जरा जास्तच. उखळ मग अशा जागी सरकवायची की कांडता कांडता वळणावरचा रस्ता दिसावा. मला वाटायचं उन्हासाठी सरकवते. दवनीवाड्याच्या वाटेला लागणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जायच्या. लांबून घुंगरांचा आवाज आला की तिचा हात जड व्हायचा. गाडी जवळ यायची, आत शेजारच्या गावची कोणीतरी, नवं लुगडं नेसलेली, हसत बसलेली असायची, आणि गाडी पुढे जायची. मग मुसळाचा ठेका पुन्हा पहिल्यासारखा.

मी दंडारीत नाचणं सोडलं. वय झालंच होतं, शिवाय वाटलं की आता तरी भिवाजीचा राग जाईल. गाणी बांधायला लागलो, नाव झालं. गोंदियाच्या बाजारात लोक ओळखायला लागले. गाडी काही आली नाही.

मला माझी गोष्ट सांगायची तर इथे थोडं अवघड होतं. माझी सगळ्यात चांगली गाणी याच वर्षांतली आहेत. वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं हवं असलं की लोक माझ्याकडेच यायचे. दमयंती, तारामती, लक्ष्मणामागे राहिलेली ऊर्मिला. मंडईत बाया पदराने डोळे पुसायच्या आणि पुरुष खोकायचे. लोक विचारायचे, शाहीर, हे सुचतं कुठून? मी आकाशाकडे बोट दाखवायचो. खरं ठिकाण अंगणात होतं, उखळाशी उभं होतं, आणि रस्त्याकडे बघत होतं. घरात इतकी गाणी होती आणि मला रोज वाटायचं, ही सगळी जावीत आणि एक गाडी यावी.

एका सकाळी धुकं फार होतं. वळणही दिसत नव्हतं. गाडी दिसायच्या आधी घुंगरं ऐकू आली, दारापुढून गेली आणि विरली. गाडीत कोण होतं तेही कळलं नाही. मी काही ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं:

वाजली घुंगरं, गाडी कोनाची गं?
गेली पुढून, दुसऱ्या बहिनीची गं.

मुसळ थांबलं. ते वर उचललेलं नव्हतं, उखळातच थांबलं, आणि सगुणाने ते सोडून दिलं. ती आत गेली. त्या दिवशी धान तसाच राहिला. संध्याकाळी मीच तो कांडला, आणि शेजारणी मला हसल्या.

ते गाणं मी पुरं केलं, पण कोणाला दिलं नाही. पाच-सहा गावांची माणसं येऊन गेली, त्यांना दुसरी गाणी दिली. याला हात लावायची हिंमत होईना. घरातलं दुखणं बाजारात कसं न्यायचं?

मग पुढच्या हिवाळ्यात फागूजी आला. फागूजी पिंपळटोलीच्या दंडारीचा म्होरक्या, ढोलकीवर त्याच्यासारखा हात नाही. मला लुगडं नेसवणाऱ्यांत तोही होता, त्यामुळे इतकी वर्षं आमच्या दारात यायला शरमायचा. त्या वर्षी शेजारच्या गावच्या दंडारीने त्यांना फार चिडवलं होतं आणि पिंपळटोलीची अब्रू पणाला लागली होती. ओसरीवर बसला, तंबाखू मळली, आणि आतल्या दाराकडे बघत म्हणाला, "यंदा गाना तुमचाच पायजे, शाहीर. नाई देसान तं आमाले मंडईत तोंड दाखवाले जागा नाई."

माझ्या मनात लगेच आलं, आता भिवाजी सापडला. मी म्हटलं, गाणं देतो. तांदूळ नको, धान नको. भिवाजीला सांगा, गाडी जुंपून बहिणीला न्यायला ये. हाच माझा मोबदला.

फागूजीचा चेहरा खुलला. त्याला हे सोपं वाटलं. पण आतून सगुणा बाहेर आली. पाहुण्यांपुढे ती सहसा बोलायची नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी का गान्याच्या बदल्यात देल्ली बाई आहो? भाऊ येईन तं बहीन म्हनून नेईन. सौद्यानं नाई जात मी."

मी म्हटलं, अगं, पण...

"अन गाना द्या त्यायले," ती म्हणाली. "तो घुंगराचा."

ते गाणं मी बांधलं होतं, पण देण्याचा हक्क तिचा होता, हे मला त्या उंबऱ्यातल्या बाईकडे बघताना कळलं. फागूजीच्या माणसांना मी ते आठवडाभर शिकवलं. एका गावाला दिलेलं गाणं त्या गावाचं. आता ते पिंपळटोलीचं झालं.

मंडईला मी गेलो. गाणं बांधणाऱ्याने पहिल्या वेळी हजर राहायचं असतं, म्हणून गेलो. जावई म्हणून मला कोणी बोलावलं नव्हतं. मी ढोलकीच्या मागे खाली बसलो. समोर खाटेवर मालगुजार, शेजारी कोट घातलेला भिवाजी. त्याचे केस पांढरे झाले होते. बायकांच्या बाजूला गावाच्या सगळ्या माहेरवाशिणी बसल्या होत्या, सगुणाबरोबर लहानपणी तळ्यावर धुणं धुतलेल्या, शिंगाडे तोडलेल्या.

गण झाला, थट्टा झाली, आणि फागूजीने ते गाणं काढलं. पहिल्या कडव्याला लोक गप्प झाले. दुसऱ्याला बायकांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. गाण्यात नाव कोणाचंच नव्हतं, पण गावाला नाव लागत नाही. भिवाजी समोर बघत होता. डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही, काही नाही. गाणं शेवटपर्यंत झालं, त्यातली बाई वाट बघतच राहिली, कारण मला त्याहून पुढचं माहीत नव्हतं. मी मनात म्हटलं, दगडाला गाणं ऐकवलं.

भिवाजीला गाण्याने पाझर फुटला असं मी म्हणणार नाही. गाण्याने असं काही होत नाही, निदान माझ्या गाण्याने झालेलं मी पाहिलं नाही. झालं ते वेगळंच. मंडईच्या दिवशी माहेरवाशिणी गावात घरोघर जेवायला जातात. त्या दिवशी सगळ्या जणी भिवाजीच्या अंगणात जाऊन बसल्या. भिवाजीच्या बायकोने पानं मांडली. एकीने ताटाला हात लावला नाही. त्यांतली एक म्हातारी, नात्याने भिवाजीची आत्या, म्हणाली, "सगुना कोठी आहे रे, भिवा?" त्याने काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "ते आली का जेवतो आमी." आणि सगळ्या जणी मांडी घालून बसून राहिल्या. जेवण निवलं. ही हकीकत मला फागूजीने सांगितली, आणि सांगताना हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी घुंगरं वाजली. या वेळी पुढे गेली नाहीत.

भिवाजी गाडीतून उतरला. कोट नव्हता, घोंगडी होती. सगुणा उखळाशी होती. मी ओसरीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. शेवटी भिवाजी म्हणाला, "चाल."

"कोठी?"

"घरी. मंडईले."

"मंडई तं काल झाली."

"झाली तं झाली. पावनी बसून हायेत. तू चाल."

सगुणाने मुसळ खाली ठेवलं, भिंतीला नीट टेकवलं. मला वाटलं आता ती आत जाईल, लुगडं बदलेल, निघेल. इतक्या वर्षांचं तिचं तेच तर मागणं होतं. ती भावापुढे वाकली, पाया पडली. उठून म्हणाली, "दादा, यंदाची झाली. बायाईनं पाठवला म्हनून आलास. पुढच्या वर्षी मंडईच्या आदी ये, तुह्या मनानं. मी तयार राहीन. बायाईले म्हनाव, सगुना म्हनते जेवा."

मग तिने त्याला पाणी दिलं, भाकर आणि वांग्याची भाजी दिली. तो अंगणातच बसून जेवला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. गाडी वळणाआड गेली तेव्हा ती इतकी रडली की मला काय करावं कळेना. मी म्हटलं, मग गेली का नाहीस? ती म्हणाली, "येईन तो." आणि पुन्हा रडली.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. तिच्यापेक्षा मीच जास्त भ्यालो होतो. भिवाजी मानी माणूस. आला नाही तर? रोवणी झाली, पोळा झाला, धान निसवला. मी एकही ओळ बांधली नाही. दिवाळी झाली. तिने अंगण सारवलं. मंडईच्या दोन दिवस आधी, ऊन अंगणात उतरत असताना, घुंगरं वाजली. मी दार उघडायला धावलो, आणि बघतो तर ती आधीच नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी. भिवाजीने गाडीत तणसावर गोधडी अंथरली होती. तो फक्त म्हणाला, "चाल, सगुने." ती चढली. मागे तोंड करून बसली आणि वळण येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मंडईच्या दिवशी मी गेलो, या वेळी जावई म्हणून. फागूजीने तेच गाणं पुन्हा काढलं, आणि शेवटी मी न बांधलेलं एक कडवं जोडलं:

वाजली घुंगरं, दारी थांबली गं,
तुह्यासाठी बाई मंडई थांबली गं.

एकाच शब्दावर दोन्ही ओळी टेकवल्या होत्या. मी असं कच्चं काम कधी केलं नसतं. पण गाणं गावाचं, आणि माझं तोंड कायद्याने बंद. घरी परतताना मी सगुणापाशी कुरकुर केली. ती म्हणाली, "तुमच्यापक्षा चांगला हाय तो." आणि खरंच, पिंपळटोलीत आजही लोकांना तेवढंच कडवं पाठ आहे.

त्यानंतर दर वर्षी गाडी आली. आणि त्यानंतर मला तसं गाणं पुन्हा आलं नाही. बैलाचे गण बांधले, थट्टेची गाणी बांधली, मुसळ कधीमधी थांबलंही. पण वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं मागायला आलेल्यांना मी हळूहळू दुसरीकडे पाठवायला लागलो. लोक म्हणाले, शाहीर आटला. मला त्याचं वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती माहेराहून परत यायची, पदरात बांधलेले शिंगाडे माझ्यापुढे सोडायची आणि तिकडच्या बातम्या सांगत बसायची. ती वर्षं मला गाण्यांहून मोठी वाटतात. पुढे गोंदियात तांदळाच्या गिरण्या वाढल्या, घरोघरचा धान तिकडे जायला लागला. आमचं उखळ मात्र सगुणाने अंगणातून हलू दिलं नाही. "मिलचा तांदूर बेचव लागते," म्हणायची. माझ्यासाठी कांडते, असं ती कधी बोलली नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. मी फार लिहू शकत नाही याबद्दल.

दिवाळी झाली. अंगण मी सारवलं नाही. कोणासाठी सारवायचं? मंडईच्या आदल्या दिवशी मी भिंतीशी बसलो होतो आणि घुंगरं वाजली. मला वाटलं, पुढे जातील. थांबली. भिवाजी उतरला, काठी टेकत. त्याला आता दिसतही कमी. म्हणाला, "चला पावने." मी म्हटलं, दादा, आता मी कायले? तो म्हणाला, "गाडी याच घरी येते. मले दुसरा रस्ता माईत नाई." गाडीत सवयीने त्याने तणसावर गोधडी अंथरली होती, मागच्या बाजूला, तिच्या जागेवर. आम्ही दोघं म्हातारे पुढे बसलो. त्या गोधडीवर कोणी बसलं नाही.

दंडारीत फागूजीच्या मुलाने ते गाणं काढलं. शेवटच्या कडव्याशी येऊन तो अडखळला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. म्हण बाबा, गाणं गावाचं आहे. त्याने म्हटलं. मंडई थांबली नव्हती, जिलेबीवाला ओरडत होता, लेकरं पळत होती. ते कच्चं कडवं मला पहिल्यांदा पुरं ऐकू आलं, आणि मी घोंगडीत तोंड घातलं.

भिवाजी म्हणाला, "दोन दिवस राहा. सगुना राहत जाय." राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात भिंतीला टेकून बसलो होतो. अंगणात भिवाजीची सून पाहुण्यांच्या खिरीसाठी नवा धान कांडत होती. खिरीला मिलचा तांदूळ चालत नाही त्यांच्याकडे. मुसळाचा ठेका ऐकता ऐकता, इतक्या वर्षांनी, ओठांवर एक ओळ आली. रिकाम्या गोधडीची ओळ होती. मी तोंडातल्या तोंडात घोळवली, ताल बसला, श्वास बसला. मग जरा मोठ्याने म्हटली. ओळ खरी होती, माझं मलाच कळलं, आयुष्यात पहिल्यांदा.

मी मुसळाकडे बघितलं. सून बिचारी कांडत होती. थांबायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.